भट्टीवाल्यांची गुळवेल

आगीचा स्वभाव ओळखणारी माणसे जगात थोडी असतात, आणि जी असतात ती बहुधा बोलकी नसतात. प्रस्तुत कथेतील भट्टीवाले हे त्यांपैकीच एक होत. कापड रंगविण्याच्या कारखान्यात मागल्या अंगास बॉयलरची खोली होती. तेथे गेली एकतीस वर्षे ते लाकडांची आग सांभाळीत आले होते. दाबाचा काटा वाचण्यासाठी त्यांना चष्मा लागे, परंतु काटा कोठे असेल हे ते पाठ फिरवून, नुसत्या भट्टीच्या घुमण्यावरून सांगत. धुराड्यातून काळा धूर निघाला, तर इतरांना ती साधी धुराची बाब वाटे. भट्टीवाल्यांना मात्र आपला चारचौघांत पाणउतारा झाल्यासारखे होई.

"काळा धूर म्हणजे काय?" ते नव्या कामगारास विचारीत, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच सांगत, "न पचलेलं लाकूड. आधीचं पचायच्या आत दुसरं कोंबलं, की भट्टीला असे ढेकर येतात."

अशा या ज्ञानी पुरुषाच्या घरी दिव्याखाली अंधार कसा होता, याचीच ही हकिगत आहे.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या पत्नीस मुदतीचा ताप आला. ताप यथावकाश उतरला. परंतु निघून गेलेल्या पाहुण्याने आपले बोचके यजमानाच्याच घरी विसरून जावे, तद्वत तो जाताना छातीतील खोकला आणि अंगातील अशक्तपणा मागे ठेवून गेला. शेजारच्या घरी फोडणी पडली तरी बाईंना उबळ येई. अन्नावरची वासना तर साफ उडाली होती. हातातील बांगड्या, ज्या पूर्वी साबण लावल्याशिवाय निघत नसत, त्या आता हात वर करताच कोपरापर्यंत घरंगळत जात. बाई हसून म्हणत, "बरं झालं, दंडात घालायचे दागिने करायला नकोत." भट्टीवाल्यांना त्या विनोदाने हसू येत नसे. त्यांची नजर बांगड्यांच्या मागोमाग कोपरापर्यंत जाई आणि तेथेच अडकून राही.

दोन गल्ल्या पलीकडे वैद्यबाईंचा दवाखाना होता. भिंतभर लहान लहान खण, प्रत्येक खणास पितळी कडी, आणि खोलीत सुंठ, ओवा व जुने लाकूड यांचा मिळून झालेला वास. वैद्यबाईंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, पोट दाबून पाहिले आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "ताप गेलाय. पण पोटातला अग्नी विझत आलाय. आता आधी भूक, मग ताकद. हा क्रम उलटा करायचा नाही."

"म्हणजे खायला काय द्यायचं?" भट्टीवाल्यांनी विचारले.

"मागतील तेवढीच पातळ पेज. जेवणाआधी सुंठीचं पाणी. सकाळी ओल्या गुळवेलीचा काढा, तो मी रोज इथून करून देईन." मग त्यांनी एका खणातून अश्वगंधा व शतावरी यांचे चूर्ण काढून पुडी बांधली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिले: 'भूक नीट लागल्यावर. एक चमचा, झोपताना, दुधातून.' "ही आज फोडायची नाही. पंधरा दिवस बघू. पंधरा दिवसांत भूक जागी झाली नाही, तर यांना मोठ्या इस्पितळात भरती करावं लागेल. मग नळ्या, सलाइन, सगळं आलं."

भट्टीवाल्यांनी मान डोलावली, पुडी छातीजवळच्या खिशात ठेवली, आणि त्याच संध्याकाळी फोडली.

यात त्यांचा दुष्ट हेतू मुळीच नव्हता. त्यांचे गणित सरळ होते: ताकद आली म्हणजे भूक येणारच; पुडी ताकदीची आहे; सबब ती जितकी लवकर पोटात जाईल तितके बरे. एक चमचा म्हणजे वैद्यबाईंनी हात आखडता घेतला असणार, म्हणून त्यांनी दोन घातले. दुधात तूप सोडले. बशीत भिजवलेले बदाम सोलून ठेवले. आणि तो उंच पेला दोन्ही हातांनी धरून पत्नीच्या खाटेपाशी उभे राहिले.

"अहो, आत्ताच तर पेज घेतली," बाई म्हणाल्या. "पोटात धोंडा ठेवल्यासारखं झालंय."

"धोंडा नाही, बळ आहे ते. मुरतंय."

"इतकं बळ घेऊन मी काय कुस्ती खेळणार आहे?"

"आधी पी. मग कुस्तीचं बघू."

बाईंनी पेल्याकडे पाहिले, पेल्यावरच्या त्या निबर, चटके बसून काळवंडलेल्या बोटांकडे पाहिले, आणि निमूटपणे घोट घेतला. असे रोज सकाळ-संध्याकाळ चालू झाले. पुढे पुढे भट्टीवाले पेला देऊन स्वयंपाकघर आवरावयास जात, आणि परत येत तो पेला रिकामा झालेला असे. त्यांना मोठे समाधान वाटे. याच सुमारास शेजाऱ्यांचा बोका फार तुकतुकीत दिसू लागला होता. खिडकीच्या कट्ट्यावर तो एखाद्या गावच्या पाटलाप्रमाणे पसरून बसलेला असे. भट्टीवाले एकदा म्हणालेही, "याच्या घरचे याला काय खायला घालतात कोण जाणे!" बाईंनी तेव्हा कूस बदलली.

वैद्यबाईंकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्याच दिवशी बाईंची थोरली बहीण, आक्का, येऊन दाखल झाली. आक्का म्हणजे वादळाला लुगडे नेसवले तर ते जसे दिसेल तशी बाई. पिशवी खाली ठेवण्याआधीच ती बोलली, "मेहुणे, धाकटीचा ताप उतरावा म्हणून मी आयुष्यहोम बोलून बसलेय. ताप उतरला. आता बोललेलं फेडायला हवं. गुरुजींना विचारलं. येत्या आठवड्यातला दिवस काढून दिलाय. दोघांनी जोडीनं बसायचं."

"आक्का, तिला धूर सोसत नाही."

"देवाच्या धुरानं कुणाला काही होत नाही."

"देवाच्या धुराला छाती वेगळी असते होय?" खाटेवरून बाई म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसता हसता त्यांना अशी उबळ आली, की आक्काला पाठ चोळावी लागली.

प्रश्न वैद्यबाईंकडे गेला. त्यांनी थोडा विचार केला. "बसायची इच्छा त्यांची स्वतःची आहे का?"

"आहे," भट्टीवाले म्हणाले. "दोन महिने खाटेवर काढलेत तिनं. ती म्हणते, एकदा तरी नवी साडी नेसून तुमच्या शेजारी बसू दे."

"मग बसू द्या. पण उघड्यावर, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला, धूर पलीकडे जाईल असं. आणि धूर दिसला, की त्यांना तिथून उठवायचं. त्यात देवाची भीड धरायची नाही."

धूर दिसला की उठवायचे! भट्टीवाले परत येताना वाटभर या एकाच वाक्याचा विचार करीत होते. एकतीस वर्षे त्यांनी अर्ध्या गावाएवढे लाकूड जाळले, ते सर्व मालकाच्या रंगीत कापडासाठी. आता प्रथमच आपल्या बायकोसाठी हातभर आग करावयाची होती, आणि तिच्यातून धूर निघता कामा नये होता. त्यांनी मनाशी पण केला की, तिला उठावे लागणार नाही.

आक्काने गुरुजींची यादी आणून दिली. तीत समिधा होत्या, तूप होते, तीळ होते, आणि शेवटी लिहिले होते: 'गुळवेल, चार बोटे लांबीच्या एकशे आठ कांड्या.' गुळवेल वैद्यबाईंच्या कुंपणावर उदंड होती. त्यांनी अंगठ्याएवढ्या जाडीचा चांगला लांब वेल कापून, वेटोळे करून दिला. भट्टीवाल्यांनी तो हातात घेतला, नखाने साल खरवडली, आणि आतला हिरवा ओलावा पाहिला. ओले लाकूड! त्यांच्या धंद्यात याहून वाईट शब्द नव्हता.

त्यांनी काय करावे? समिधांची मोळी आणि गुळवेलीचे वेटोळे दोन्ही कारखान्यात नेली आणि बॉयलरच्या वरच्या अंगास, वाफेच्या नळाजवळ, तारेने टांगली. कारखान्याचा फिटर, जो जिभेने पान्याहून जास्त काम करी, दुपारी आत आला आणि पाहतच राहिला.

"काय भट्टीवाले, बॉयलरला हार घातलात? सत्कार आहे का याचा?"

"वाळत घातलंय. होमाला हवंय."

"अहो, आमच्या घरच्या पापडांनाही जागा ठेवा थोडी."

"चेष्टा नको. एकही कांडी ओली राहता कामा नये."

फिटरने वेल हाताने चाचपला. मग आवाज उतरवून विचारले, "वहिनी कशा आहेत?"

"ताकदीचं सगळं चालू आहे. दूध, तूप, चूर्ण. पण..." भट्टीवाल्यांनी पुढचे वाक्य भट्टीचे दार उघडून आत टाकले आणि दार लावून घेतले.

फिटर समंजस होता. त्याने जाताना एवढेच केले, की वाफेच्या नळाची गळकी चकती बदलावयाची होती ती घाईने न बदलता होम होईपर्यंत तशीच राहू दिली. कारण त्याच्या समजुतीप्रमाणे ऊब जितकी अधिक तितके वाळवण बरे. हा त्याचा उपकार कसा फळास आला ते पुढे दिसेलच.

तीन दिवसांत समिधा अशा वाळल्या, की एकीवर एक आपटताच काचेसारख्या वाजत. गुळवेल मात्र ढिम्म. चौथ्या दिवशी तिची साल सुरकुतली, म्हणून भट्टीवाल्यांना आशा वाटली. सहाव्या दिवशी त्यांनी शिडीवर चढून पाहिले, आणि ते शिडीवरच थबकले. वेटोळ्याच्या मधोमध, एका पेऱ्यातून, दोन पाने फुटली होती. कोवळी, लकाकती, बदामाच्या आकाराची. गळक्या चकतीतून येणारी वाफ आणि ती ऊब खाऊन गुळवेल वाळण्याऐवजी वाढू लागली होती. ना माती, ना ऊन, खाली धडाडती आग, आणि ही बया पाने काढून बसली होती!

"मेली वाळत नाही ती नाही, वर बाळंत झाली," ते उद्गारले. परंतु ती पाने तोडावीत असे त्यांच्या मनात आले नाही. त्यांनी वेटोळे हलकेच खाली उतरवले.

होमाच्या दिवशी सकाळी इमारतीच्या गच्चीवर सर्व सिद्धता झाली. भट्टीवाल्यांनी खाली वाळू पसरून वर विटांचे कुंड रचले होते, परंतु विटा एकमेकींस चिकटवून न रचता तळाशी चहूकडून बोटभर फटी ठेवल्या होत्या. गुरुजी आले. गुरुजी अंगाने स्थूल, मनाने निर्मळ. तीस वर्षे धुरासमोर बसून त्यांचे डोळे कायम पाणावलेले असत, त्यामुळे ते लग्नातही सद्गदित दिसत. त्यांनी कुंडाभोवती एक फेरी मारली.

"हे काय? कुंडाला भोकं?"

"श्वास घ्यायला, गुरुजी. आग तोंडानं खाते आणि खालून श्वास घेते. वरूनच खायला घातलं आणि खालून श्वास कोंडला, तर ती खोकते."

"असं कुठे सांगितलेलं नाही."

"नको असं तरी सांगितलंय का?"

गुरुजींनी क्षणभर आठवून पाहिले. "तसंही नाही," असे प्रामाणिकपणे म्हणून ते आसनावर बसले.

आता भट्टीवाल्यांनी खालमानेने गुळवेलीचे वेटोळे पुढे केले. "गुरुजी, एक अपराध झालाय. सहा दिवस बॉयलरवर टांगली, पण वाळली नाही. उलट पालवी फुटली. तुम्ही म्हणत असाल तर हा भाग सोडून देऊ."

गुरुजींनी ती दोन पाने पाहिली आणि त्यांचे मोठे पोट हसण्याने हलू लागले. "वाळवायला सांगितलं कुणी होतं तुम्हाला? गुळवेल ओलीच लागते! औषधालाही ओली, होमालाही ओली. अहो, जुन्या लोकांनी तिचं नावच 'छिन्नरुहा' ठेवलंय. कापली तरी उगवणारी. तुम्ही हिला बॉयलरवर मारायला निघालात?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलंत कुठं?" आक्काने संधी साधली. "आमचे मेहुणे कधी कुणाला विचारतात का? मनात आलं की केलं!"

हे वाक्य भट्टीवाल्यांना उगाचच लागले. परंतु विचार करण्यास वेळ नव्हता. पालवी फुटलेले पेर त्यांनी वेगळे काढून ठेवले आणि उरलेल्या वेलाच्या एकशे आठ कांड्या केल्या. गुरुजींनी त्या दूध-तुपात भिजत घातल्या. म्हणजे आधीच ओले लाकूड, आणि वर त्यास दुधाची आंघोळ! भट्टीवाल्यांनी डोळे मिटून घेतले.

बाई वर आल्या. दोन जिने चढताना चार वेळा थांबल्या, परंतु आल्या. निळी साडी होती, बांगड्या घरंगळू नयेत म्हणून आक्काने त्यांत दोरा ओवून मनगटाशी बांधला होता. पाठीशी लोड ठेवून त्या पतीच्या शेजारी, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "लग्नानंतर आज बसतोय असे. तेव्हाही तुमचं माझ्याकडे लक्ष नव्हतं, होमातल्या लाकडांकडे होतं."

"तेव्हा लाकडं ओली होती," भट्टीवाले म्हणाले.

आग पेटली. ती आग पाहण्यासारखी होती! आधी काडी, मग कांडी, मग बोटभर, मग दोन बोटे, अशा चढत्या क्रमाने समिधा मांडल्या होत्या. खालच्या फटींतून वारा आत शिरे आणि ज्योत एकच निघे, सरळ, पिवळी, कोठे काजळी नाही. गुरुजींनी सवयीने उपरणे डोळ्यांस लावले, आणि डोळे कोरडे पाहून उपरण्याकडेच संशयाने पाहिले.

तुपाच्या, तिळाच्या आहुती निर्विघ्न पार पडल्या. मग गुळवेल आली. गुरुजींचा हात वर्षानुवर्षांच्या सरावाने चालणारा. मंत्र, स्वाहा, कांडी. मंत्र, स्वाहा, कांडी. पहिल्या तीन जळाल्या. चौथी चरचरली. सातवीला ज्योत बसली, कांड्यांच्या टोकांतून फेस येऊ लागला, आणि कुंडातून करडा धूर उठला. त्याच क्षणी वाऱ्याने पाठ फिरवली. बाईंनी पदर तोंडाशी नेला. खोकला आला. एकदा, दोनदा, मग थांबेच ना.

"उठ गं धाकटे!" आक्का ओरडली.

"नाही." खोकल्याच्या दोन उबळींच्या मध्ये बाई म्हणाल्या, "मी उठणार नाही. अहो, तुम्ही आग बघा."

गुरुजी मंत्राच्या भरात होते. आठवी कांडी त्यांच्या बोटांत होती. आणि भट्टीवाल्यांनी, ज्यांनी उभ्या जन्मात कोणा वडीलधाऱ्या माणसाच्या अंगास हात लावला नव्हता, गुरुजींचे मनगट धरले.

"अहो! मंत्र चालू असताना हात धरतात?"

"थांबा, गुरुजी. आधीचं पचलेलं नाही. भूक नसताना घालू नका."

बोलून गेले, आणि त्यांचे स्वतःचेच शब्द त्यांच्या कानांवर आले. गुरुजींचे मनगट हातात धरलेले. समोर चरचरणारी आग. डाव्या हाताच्या काठीने ते निखारे सारखे करीत होते, वाट मोकळी करीत होते. हे सारे हात आपोआप करीत होते. परंतु मनाने भट्टीवाले गच्चीवर नव्हते. ते खाटेपाशी उंच पेला घेऊन उभे होते, आणि कोणीतरी म्हणत होते, पोटात धोंडा ठेवल्यासारखे झाले आहे.

ज्योत पुन्हा उभी राहिली. धूर विरला. बाईंचा खोकला हळूहळू बसला आणि त्यांनी पदर खाली केला.

"आता?" गुरुजींनी विचारले. त्यांच्या स्वरात राग नव्हता. शिकाऊ माणसाची उत्सुकता होती.

"मी बोट वर करीन तेव्हा एक. एकच."

मग जो होम झाला तसा गुरुजींच्या तीस वर्षांत झाला नव्हता. भट्टीवाले ज्योतीकडे पाहत. कांडीतले पाणी उडे, फेस थांबे, ती लाल होई, ज्योत पुन्हा तोंड वर करी. तेव्हा त्यांचे काळवंडलेले बोट उठे आणि गुरुजी मंत्र म्हणत. एका कांडीमागे मिनिटाहून अधिक. गुरुजींना इतके सावकाश मंत्र म्हणण्याची सवय नव्हती, मध्येच ते म्हणाले, "या ओळीचा अर्थ इतका चांगला आहे हे मी विसरूनच गेलो होतो." आक्काचे पाय आखडले, ती उठली, बसली, पुन्हा उठली. सूर्य पाण्याच्या टाकीच्या वर आला. बाई लोडाला टेकून, अर्धवट मिटल्या डोळ्यांनी, पतीचे ते वर उठणारे बोट पाहत होत्या. एकशे आठावी कांडी पडली तेव्हा गच्चीवर तुपाचा आणि कडवट गोड असा काहीसा वास होता; धूर नव्हता. आणि बाई जागच्या जागी होत्या.

त्या संध्याकाळी भट्टीवाल्यांनी दूध तापवले नाही. बाई वाट पाहत होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर बोकाही वाट पाहत होता. वेळ टळली तसा तो मोठमोठ्याने ओरडू लागला.

"हा का बोंबलतोय?" भट्टीवाल्यांनी विचारले.

बाईंनी पांघरुणाची कड सारखी केली. मग म्हणाल्या, "माझ्या पेल्यासाठी."

भट्टीवाल्यांनी बोक्याकडे पाहिले. त्या तुकतुकीत केसांकडे, त्या रुंद मानेकडे, त्या एकंदर बलदंड देहाकडे पाहिले. हळूहळू त्यांना उलगडा झाला.

"सगळं?"

"अर्धं. तुम्ही समोर असायचात तोवर मी प्यायचे. वळलात की तो."

"मग सांगितलं का नाहीस? नको म्हणायचंस."

"कसं म्हणू? पेला घेऊन उभे राहायचात तेव्हाचा स्वतःचा चेहरा तुम्ही कधी बघितला नाहीत. नाही म्हटलं असतं, तर तुम्ही इस्पितळाच्या दारात उभे असल्यासारखे दिसला असतात."

भट्टीवाले खाटेच्या कडेवर बसले. "एकतीस वर्षं लोकांना शिकवतोय," ते म्हणाले, "की विझत्या भट्टीत ओंडके टाकू नयेत. आणि घरी..." बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. दोरा सोडलेल्या बांगड्या घरंगळून त्यांच्या मनगटाला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा कारभार सुरू झाला. सकाळी काढा, मग सुंठीचे पाणी, आणि मागितली तरच पेज. बाई पहिल्या दिवशी दोन वाट्या प्यायल्या, दुसऱ्या दिवशी एकच. आक्काच्या जिवाची काहिली झाली.

"मेहुणे, माझ्या बहिणीला उपाशी मारताय का? काल परवापर्यंत बदाम काय, तूप काय, आणि आता नुसतं पाणी?"

"आक्का, सुट्टीच्या दिवशी भट्टी बंद असते. आदल्या संध्याकाळी मी निखाऱ्यांवर राख पांघरतो आणि घरी येतो. बघणाऱ्याला वाटतं, विझली. दुसऱ्या दिवशी कुणी घाईनं त्यावर लाकडं रचली, तर खरंच विझते. नुसती राख बाजूला करायची, थोडी हवा द्यायची आणि बसून राहायचं."

"आणि नाही पेटली तर?"

भट्टीवाल्यांनी बोटांवर दिवस मोजले. पंधरा दिवसांपैकी अकरा गेले होते. ते कामावर जात, भट्टीचे दार उघडत, आणि त्या धडाडत्या आगीचा त्यांना प्रथमच हेवा वाटे. पुन्हा दूध तापवावे, असे त्यांना दिवसातून दहा वेळा वाटले. लोक उपास करतात तो अन्नाचा असतो, भट्टीवाल्यांनी वाढण्याचा उपास धरला होता, आणि तो पहिल्याहून कितीतरी कठीण असतो. बाराव्या दिवशी संध्याकाळी त्यांचे हात नकळत दुधाच्या भांड्याकडे गेलेही. परंतु खिडकीतून बोक्याने आशेने मान वर केली, आणि ते भानावर आले.

तेराव्या दिवशी सकाळी भट्टीवाले ओट्यापाशी उभे राहून आपला डबा भरीत होते. बटाट्याची भाजी आणि तीन पोळ्या. पाठीमागून आवाज आला.

"अहो, मोहरी थोडी करपली का?"

"करपली जराशी. का? खोकला येतोय?"

"नाही. वास चांगला येतोय."

भट्टीवाले वळले नाहीत. वळले तर काहीतरी उडून जाईल असे त्यांना वाटले. दाबाचा काटा पाठ फिरवून ऐकावा, तसे ते ऐकत उभे राहिले.

"मला भूक लागलीय," बाई म्हणाल्या.

आक्का न्हाणीघरातून ओल्या केसांनीच धावत आली. "काय म्हणाली? काय म्हणाली ही?"

भट्टीवाल्यांनी मऊ भात केला, त्यावर नखभर तूप सोडले आणि लहान वाटीत घालून आणला. बाईंनी पहिला घास तोंडात धरून ठेवला, जणू ओळखीचे माणूस बऱ्याच दिवसांनी भेटले असावे. मग दुसरा घेतला. मग वाटी कधी संपली ते कळलेही नाही.

"आणखी द्या," त्या म्हणाल्या.

पातेल्यात भात होता. तूप होते. भट्टीवाल्यांचा हात वाढायच्या डावाकडे गेला. त्यांच्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण क्षण असावा.

"नाही," ते म्हणाले. "आधीचं पचू दे. दुपारी."

बाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि खळखळून हसल्या. त्या हसण्यात खोकला आला नाही, ही गोष्ट सर्वांत आधी आक्काच्या लक्षात आली, आणि तिने पदराने डोळे पुसले.

कारखान्यात जाण्याच्या वाटेवर भट्टीवाले वैद्यबाईंकडे गेले. खोलीत तोच सुंठ-ओव्याचा वास होता. आनंदाची बातमी त्यांनी एका श्वासात सांगितली आणि मग चपलेच्या अंगठ्याकडे पाहत उभे राहिले.

"छान झालं," वैद्यबाई म्हणाल्या. "आता ती पुडी चालू करा. एक चमचा, झोपताना."

"पुडी संपली."

"संपली? भूक तर आज लागलीय. कुणी खाल्ली?"

भट्टीवाल्यांनी खरे सांगितले. अर्धी पत्नीने, नाइलाजास्तव. अर्धी बोक्याने, आवडीने. वैद्यबाईंनी सर्व ऐकून घेतले. चेहरा गंभीर ठेवण्याचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. मग खण ओढून नवी पुडी बांधली, तिच्यावर पूर्वीचेच शब्द लिहिले, आणि खाली आणखी एक ओळ घातली: 'फक्त बाईंना.'

"आणि बोक्याची तब्येत?" त्यांनी विचारले.

"दृष्ट लागण्यासारखी आहे," भट्टीवाले म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर त्यांनी होमाच्या दिवशी वेगळे ठेवलेले ते पालवी फुटलेले पेर काढले. इतके दिवस ते कोनाड्यात नुसते पडून होते, आणि त्याला तिसरे पान आले होते. खिडकीच्या कट्ट्यावर, बोक्याला किंचित बाजूला सारून, त्यांनी ते कुंडीत लावले. पाण्याचा तांब्या उचलला, भरभरून ओतण्यासाठी कलता केला, आणि थांबले.

"किती घालू गं?" त्यांनी खाटेकडे वळून विचारले.

"थोडंसंच," बाई म्हणाल्या. "मागेल तेव्हा पुन्हा देऊ."